'तो असाच शे' म्हणण्याआधी : वर्तन समजून घ्यायला माणसं कशी शिकली?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय. एका ठिकाणी वर्ष चुकीचं बोललो होतो, ते इथं दुरुस्त केलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज सुरुवात एका दोरीपासून करू.

शहादा तालुक्यात माझ्या मामाचं गाव आहे. पपई, कापूस, थोडा ऊस. माझा एक मामेभाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगू का म्हणून त्याला विचारलं तरी त्याला ते कळेल याची मला खात्री नाही. आपण त्याला भाऊ म्हणू. भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. दहा-बारा शब्द बोलतो. लहानपणी मी सुट्टीत तिथं जायचो तेव्हा तो दुपारी खाटेच्या पायाला बांधलेला असायचा, कमरेला सुती दोरी. मामी दुष्ट नव्हती हो. सगळे शेतात जायचे आणि घरापासून हायवे शंभर पावलांवर. एकदा तो ट्रकखाली येता येता वाचला होता.

मी तेव्हा सातवीत. शाळेत स्काउटमध्ये न सुटणारी गाठ शिकलो होतो. मामीची गाठ सैल पडायची, म्हणून मी तिला माझी गाठ शिकवली. त्या घराला मी दिलेला पहिला टेक सपोर्ट तो.

भाऊ स्वतःचा हात चावायचा, ताट भिरकावायचा. का, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं : "तो असाच शे." आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे आहे. तो असाच आहे, विषय संपला.

आजचा एपिसोड या वाक्याबद्दल आहे. 'असाच आहे' याच्या जागी 'असं का करत असेल?' हा प्रश्न जगात कधी आला? तो विचारायचं शिक्षण कोणी कोणाला दिलं? आणि ते नंदुरबारपर्यंत किती पोचलं?

एका शब्दात दोघं

सुरुवात 1912 पासून करू. इंग्रजांनी त्या वर्षी 'इंडियन लुनसी ॲक्ट' केला. त्यात 'लुनॅटिक' कोण? तर 'इडियट', म्हणजे ज्याची बुद्धी जन्मापासून कमी वाढली तो, किंवा ज्याचं मन ठिकाणावर नाही तो. आज आपण बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. कायद्यानं दोघांना एकाच शब्दात कोंबलं. शिकवायचं काय, हा प्रश्नच नव्हता. सांभाळायचं कुठे आणि कोंडायचं कुठे, एवढंच बघायचं होतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. हा कायदा गेला कधी? 1947 ला? नाही. त्याच्या जागी 1987 चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि तो लागू झाला 1993 मध्ये. त्या कायद्यानं पहिल्यांदा सांगितलं की 'मानसिक रुग्ण' या व्याख्येत बौद्धिक वाढ कमी असलेली माणसं धरायची नाहीत. माझ्या भावाचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. एवढं हे जवळचं आहे.

आधी आया उठल्या

सरकारच्या आधी आई-बाप कामाला लागले. मुंबईत 1944 मध्ये वकील दांपत्यानं शाळा काढली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घ्यायला कोणतीच शाळा तयार नव्हती. तीच आजची जय वकील. पुण्यात 1964 मध्ये सिंधुताई जोशींनी 'कामायनी' सुरू केली. नाशिकमध्ये 1977 मध्ये रजनी लिमये यांनी 'प्रबोधिनी' काढली. त्यांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता आणि त्या स्वतः शिक्षिका होत्या. आम्हा खानदेशवाल्यांना सगळ्यात जवळचं हेच. जवळचं म्हणजे शहाद्याहून एसटीनं निम्मा दिवस.

या शाळांमधले शिक्षक सुरुवातीला कसे शिकले असतील, याचा विचार करा. मराठीत पुस्तकं जवळपास नाहीत. ट्रेनिंगच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. मूल डोकं आपटतंय, तर काय करायचं? कोणी मिठी मारायचं, कोणी ओरडायचं, कोणी हात धरून बसवायचं. प्रत्येक बाई आपापल्या अनुभवानं शिकत होती. एका शाळेत सापडलेलं उत्तर दुसऱ्या शाळेपर्यंत जायला वाटच नव्हती.

शॉकपासून प्रश्नापर्यंत

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण पुढं आपल्याकडे जे आलं त्याचं मूळ तिथं आहे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की वर्तनानंतर काय मिळतं त्यावर ते वर्तन वाढतं किंवा कमी होतं. 1960 च्या दशकात हे तत्त्व दिव्यांग मुलांवर वापरायला सुरुवात झाली. लॉस एंजलिसमध्ये इव्हार लोवास ऑटिझम असलेल्या मुलांना बोलायला शिकवत होते. बरोबर केलं की खाऊ आणि शाबासकी. चुकलं की ओरडणं, थप्पड, काही प्रयोगांत तर विजेचा शॉक. 1965 मध्ये 'लाइफ' मासिकानं यावर फोटोंसकट लेख छापला. बऱ्याच वाचकांना वाटलं, वा, उपाय सापडला! थप्पड मारली की मूल डोकं आपटणं थांबवतं. थांबायचंही, काही वेळ.

इथं एक प्रश्न राहून जात होता : मूल डोकं आपटत का होतं?

तो प्रश्न नीट विचारला 1982 मध्ये, ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बाल्टिमोरमध्ये. स्वतःला इजा करणारी नऊ मुलं. प्रत्येकाला आळीपाळीनं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एकदा इजा केली की लगेच कोणीतरी लक्ष देणार. एकदा अवघड काम देणार आणि इजा केली की काम थांबवणार. एकदा खोलीत एकटं. एकदा खेळणी आणि सोबत. निकाल असा की बाहेरून वर्तन तेच, पण बहुतेकांचं कारण वेगळं निघालं. एखादा लक्ष मिळावं म्हणून करतो, एखादा काम टळावं म्हणून, एखादा एकटेपणात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला आमचं डीबगिंगच आठवलं. स्क्रीनवर एरर एकच दिसते, पण तीन युजरकडे तिची तीन कारणं असतात. लॉग न बघता फिक्स मारला की दुसरीकडे फुटतं.

मग 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर काम ते. चार मुलं होती. काही जण काम अवघड झालं की बिथरायची, काही जण मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. कार आणि ड्युरंड यांनी शिक्षा केली नाही. त्यांनी मुलांना एकेक वाक्य शिकवलं. अवघड वाटलं तर "मला समजत नाहीये" म्हण. लक्ष हवं असेल तर "मी नीट करतोय का?" असं विचार. योग्य मुलाला योग्य वाक्य दिलं तेव्हा दंगा कमी झाला. चुकीचं वाक्य दिलं तेव्हा झाला नाही.

कळलं का? दंगा हेच त्या मुलाचं बोलणं होतं. त्याला दुसरं, सोपं बोलणं दिलं आणि दंग्याची गरज उरली नाही.

1990 मध्ये रॉबर्ट हॉर्नर, कार आणि आणखी काही जणांनी मिळून लेख लिहिला. मुद्दा असा की वेदना आणि अपमान न वापरता हे काम करता येतं आणि तसंच करायला हवं. आज ज्याला 'पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट' म्हणतात, म्हणजे सकारात्मक वर्तन साहाय्य, ते नाव तिथून रूढ होत गेलं. यात माणसाला बदलण्याआधी त्याच्या भोवतालचं बदलायचं : वेळापत्रक, आवाज, जागा, आपलं वागणं. 1997 मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात ही भाषा आली. सगळं लगेच सुधारलं असं समजू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत शॉकचं यंत्र एकविसाव्या शतकातही चालू होतं आणि त्यावर कोर्टकज्जे होत राहिले.

सिकंदराबादची 75 वाक्यं

परत भारतात येऊ. 1984 मध्ये सिकंदराबादला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, बौद्धिक दिव्यांगांसाठी. तिथं रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी 1992 मध्ये भारतीय मुलांसाठी एक मोजपट्टी तयार केली. 'बेसिक-एमआर' असं तिचं नाव. पहिल्या भागात मुलाला काय काय येतं याची 280 कलमं. दुसऱ्या भागात त्रासदायक वर्तनाची 75 कलमं, दहा गटांत : मारणं-तोडणं, आदळआपट, स्वतःला इजा, तेच तेच करत राहणं, भीती, वगैरे. प्रत्येक कलमापुढे फक्त शून्य, एक किंवा दोन. कधीच नाही, कधीकधी, वारंवार.

दिसायला साधा तक्ता आहे. पण 'खूप त्रास देतो' या वाक्याचं त्यानं काय केलं बघा. कोणता त्रास? किती वेळा? शिक्षिकेला पहिल्यांदा मोजता येऊ लागलं, आणि मोजलं तरच कमी झालं की नाही ते कळतं. याच दोघांनी शिक्षकांसाठी हस्तपुस्तिकाही लिहिली. आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं, हे तीन रकाने देशभरातल्या विशेष शिक्षकांच्या अभ्यासात आले.

त्याच वर्षी, 1992 मध्ये, भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. आता कोण शिकवू शकतो हे ठरलं. मान्यताप्राप्त कोर्स करा, नोंदणी करा, मग काम करा. नोंदणी नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता, भोंदू लोकांपासून मुलं वाचावीत. पण जिथं नोंदणीवाला माणूसच पोचत नाही, तिथं या कायद्यानं काय होणार?

याच काळात एक भयंकर घटना घडली. 6 ऑगस्ट 2001, तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. 28 जण गेले. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक रुग्णांना कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातली. दिव्यांगांसाठी 2016 चा हक्क कायदा आहे, त्यात छळ आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण दिलंय.

मी एरवाडीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी स्काउटची गाठ आठवली. पुढचं दोन दिवस काही वाचलं नाही.

आता नंदुरबार

1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात जवळपास 69 टक्के आदिवासी. खाली तापीचं सपाट खोरं, वर सातपुडा. धडगाव, मोलगीकडचे पाडे डोंगरात विखुरलेले. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मूल बरोबर जातं किंवा आजीजवळ राहतं.

आता या चित्रात वर्तन साहाय्याचं प्रशिक्षण बसवून बघा. कोर्स शहरात, पुस्तक इंग्रजीत, फार तर पुस्तकी मराठीत. घरी बोली भिलोरी, पावरी, मावची, कोकणी, नाहीतर आमची अहिराणी. कार आणि ड्युरंडचा धडा आठवा : मुलाला योग्य वाक्य द्या. कोणत्या भाषेतलं? पावरी बोलणाऱ्या आजीजवळ राहणाऱ्या मुलाला चित्रकार्डावर 'मला विश्रांती हवी' शिकवलं, तर ते ऐकणार कोण?

आणखी एक. या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच जणांना आहे. त्यात अंग ठणकतं, असह्य ठणकतं. ज्या मुलाला बोलता येत नाही आणि सिकलसेलही आहे, ते कळ आली की काय करेल? ओरडेल, चावेल, आपटेल. आणि आपण म्हणणार, तो असाच शे.

प्रयत्न होत नाहीत असं नाही. 2021 मध्ये पुनर्वास परिषदेनं मेलबर्न विद्यापीठाबरोबर सहा महिन्यांचा कोर्स सुरू केला, गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी. त्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणायचं, आणि त्यांनी आशाताई, अंगणवाडीताईंच्या जोडीनं काम करायचं. कल्पना मला पटते, कारण आशाताई त्या पाड्यावर आधीच जाते आणि तिला तिथली बोली येते. तीन रकान्यांची वही भरायला बीटेक लागत नाही.

भाऊचे तीन रकाने

हे मी अनुभवानं सांगतोय. मागच्या वर्षी भाऊचं हात चावणं फार वाढलं. मनगटावर जखम भरेना. मी एका ओळखीच्या विशेष शिक्षिकेला फोन केला. मला अपेक्षा होती की त्या एखादी ट्रिक सांगतील. त्या म्हणाल्या, "आधी दुखतंय का ते बघा. मग दोन आठवडे फक्त लिहा. काहीही सुधारायला जाऊ नका."

मामेबहीण दहावीत आहे. ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची, मी इकडे पुण्यात शीटमध्ये भरायचो. आधी काय, काय केलं, नंतर काय. 14 दिवसांत 23 नोंदी. घरच्यांचं मत ठाम होतं की त्याला रोज खिचडी हवी, भाकरी दिली की नाटकं करतो. नोंदी बघितल्या तर 23 पैकी 17 वेळा जेवतानाच, आणि त्या प्रत्येक वेळी ताटात भाकरी, शेंगदाणे नाहीतर हरभरे. खिचडीच्या दिवशी ताट एकदाही फेकलं नव्हतं.

म्हणजे घरच्यांचं बरोबरच होतं की! मी बाईंना तसं कळवलं. कारण सापडलं, हवा तो पदार्थ मिळवायला करतो. त्या म्हणाल्या, "चावायला कडक काय काय आहे त्यात?"

मी गप्प. शीट मी बनवली होती, फिल्टर मी लावले होते आणि समोरचं मला दिसलं नव्हतं.

दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. मागची दाढ किडून आत पू झाला होता. मामीनं हिशोब केला, ताट फेकणं सुरू होऊन आठ महिने झाले होते. आठ महिने तो जमेल त्या पद्धतीनं सांगत होता, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. मामी दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दाढ काढल्यावर पंधरा दिवसांत हात चावणं जवळपास थांबलं. मग बाईंनी सांगितलं की आता त्याला शब्द द्या, म्हणजे पुढच्या वेळी आठ महिने लागणार नाहीत. मी छान कार्ड छापून नेलं, गालाला हात लावलेल्या मुलाचं चित्र, खाली 'दुखतंय'. भाऊनं ढुंकून पाहिलं नाही. मामेबहिणीनं कार्ड बाजूला ठेवलं, स्वतःच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुखस." तो तिच्याकडे बघत राहिला. तीन आठवडे रोज जेवायच्या आधी तिनं हे केलं. पहिल्यांदा त्यानं पोटावर हात ठेवून 'दुखस' म्हटलं, त्या दिवशी तिनं मला व्हिडिओ पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग सोडून बाहेर आलो.

मगाशी मी डीबगिंग म्हणालो ना, तो शब्द अर्धाच खरा आहे. लॉग लिहायची सवय कामाला आली. पण बगला दुखत नसतं, आणि बग आपल्याला काही सांगायचा प्रयत्न करत नसतो.

दोरीचं काय?

विचाराल तुम्ही, म्हणून सांगतो. दोरी गेलेली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मामी अजून बांधते, दिवसाला दोन-तीन तास. हायवे तिथंच आहे आणि घरी बसायला माणूस नाही. मी तिला 2016 चा कायदा सांगू शकतो. ती मला विचारेल, मग तू येऊन बसतोस का? मी पुण्यातून महिन्याला थोडे पैसे पाठवतो. शेजारच्या एक काकू वेचणीच्या दिवसांत अर्धा दिवस येऊन बसतात. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं उत्तर माझ्याकडे नाही. हे काम शिकलेला माणूस पाहिजे, आणि त्याला तिथं थांबायला पगारही पाहिजे.

एवढं मात्र केलं : गाठ बदलली. आता ओढली की सुटेल अशी आहे. आग लागली, साप आला, तर शेजारचं पोरगंही सोडवू शकेल.

आजच्या एपिसोडमधलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. तुमच्या घरात, गल्लीत, पाड्यावर कोणी न बोलणारं माणूस अचानक 'त्रास' द्यायला लागलं, तर आधी दात, कान, पोट, जखम बघा. मग एक वही घ्या, तीन रकाने आखा, दोन आठवडे लिहा. आणि शब्द शिकवायचा असेल तर तुमच्या घरात बोलतात तो शिकवा.

तुमच्या बोलीत 'दुखतंय'ला काय म्हणतात ते आम्हाला कळवा. पावरी, मावची, भिलोरी, कोकणी, कोणतीही बोली चालेल. व्हॉइस नोट पाठवलीत तर पुढच्या एपिसोडमध्ये सगळ्या एकत्र ऐकवू.

चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.